अंगण : गट्टूचं की मातीचं?

वैशाख सरत आला की नांदेड-लातूरच्या वसाहतींमधून गट्टूंनी भरलेले ट्रॅक्टर फिरू लागतात. मिरग लागायच्या आत अंगण पक्कं करून घ्यायचं, चिखलाची कटकट एकदाची मिटवायची, असा विचार घरोघरी चाललेला असतो. त्याच दिवसांत नळाचं पाणी लांबतं, बोअर आटतात आणि त्याच रस्त्यांवरून टँकर धावू लागतात. घराबाहेरच्या जागेची, म्हणजे अंगण, परस, गच्ची, गेटसमोरचा पट्टा यांची निगा कशी राखावी, यावर घरात बोलणं होतं ते बहुधा गवंड्याचा भाव ठरवण्यापुरतं. त्यापलीकडचं बोलणं व्हावं म्हणून इथे दोन बाजू समोरासमोर बसवल्या आहेत. एक आहे आत्या. औसा तालुक्यातल्या भूकंपग्रस्त गावातून लातूर शहरात आलेली, जन्मभर अंगण झाडलेली. दुसरी तिची भाची, नांदेडला शाळेत विज्ञान शिकवणारी. आत्याच्या घराचा स्लॅब हजारेक चौरस फुटांचा आणि भोवतीची मोकळी जागाही जवळपास तेवढीच. गवंडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार आहे.

आत्या : पुढचं अंगण, बाजूची गल्ली, मागचं परस, सगळीकडं गट्टू बसवायचेत. तुझ्या भावाला मीच सांगितलंय. तू आता मातीचं कौतुक घेऊन बसू नको बाई.

भाची : कौतुक नाही करत आत्या. पण सगळंच झाकायचं म्हणायलात, म्हणून विचारते. पावसाचं पाणी जाणार कुठं?

आत्या : रस्त्यावर, तिथून नालीत. आणखी कुठं जाणार? दारात पाणी साचू नये म्हणूनच तर करायलो. आणि मातीचं अंगण राखायला काय लागतं, ते आधी माझ्याकडून ऐक. पहाटे उठून तुराट्यांच्या खराट्यानं सगळं अंगण लोटायचं. गोठ्यातलं शेण आणून बादलीत कालवायचं, सडा टाकायचा, मग रांगोळी. सणवार आला की सारवण. खळगा पडला की माती आणून भरायची, चोपायची. पावसाळ्यात काळी माती पायाला धरते, चपलेला धरते, तीच घरात येते, मग घर पुसत बसा. हे सगळं वाकून. माझे गुडघे न् कंबर त्या अंगणातच गेली. तेव्हा दारात बैलं होती, म्हैस होती, शेण घरचं होतं. आता लातुरात शेण कुठून आणू? सड्याला रोज दोन बादल्या पाणी लागतं, ते कुठून आणू?

भाची : यातलं एकही वाक्य मी खोडणार नाही. मातीच्या अंगणाचं गुणगान करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते कधी झाडलेलं नसतं. शेणाचा सडा परत सुरू करा, असंही माझं म्हणणं नाही. मी पाण्याबद्दल विचारायले. 2016 चा एप्रिल आठवतो ना?

आत्या : तो विसरेन का? मांजरा धरण कोरडंठाक पडलेलं. टाक्यांवर मारामाऱ्या होतील म्हणून शहरात जमावबंदी लावली होती. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं.

भाची : 12 एप्रिलला पहिली ‘जलदूत’ आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. साऱ्या देशानं ते पाहिलं. आता हिशेब करा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमचा स्लॅब हजार चौरस फुटांचा, म्हणजे 93 चौरस मीटर. लातूरला वर्षाला साडेसातशे मिलिमीटर पाऊस धरला, तर एकट्या तुमच्या स्लॅबवर सत्तर हजार लिटर पाणी पडतं. अशा सात घरांच्या गच्च्यांवर पडणारं वर्षाचं पाणी त्या पहिल्या रेल्वेएवढं होतं. ती साडेतीनशे किलोमीटरवरून आली. आपल्या गच्चीवरचं पाणी आपणच पाइपातून रस्त्यावर सोडतो.

आत्या : हिशेब बरोबर असेल. पण पाऊसच पडला नाही तर? 2015 ला काय झालं होतं? आणि दुसरं, गच्चीचं पाणी बोअरला जोडायचं तर जोडू. त्याचा अंगणातल्या गट्टूशी काय संबंध?

भाची : पाऊस निम्मा झाला तर सात घरांऐवजी चौदा घरं लागतील. दुष्काळाच्या वर्षी तर प्रत्येक लिटरची किंमत वाढते. दुसरं तुम्ही अगदी बरोबर विचारलंत, कारण इथं बहुतेकांचा घोटाळा होतो. बोअरमध्ये फक्त गच्चीचं पाणी सोडायचं, तेही गच्ची झाडून, पहिले एक-दोन पाऊस वाहून जाऊ देऊन, दगड-वाळूच्या गाळणीतून. अंगणातलं पाणी बोअरमध्ये कधीच सोडायचं नाही. त्यात गाडीचं तेल असतं, साबण असतो, कुत्र्या-मांजरांची घाण असते. ते थेट खाली गेलं तर आपलं पिण्याचं पाणी आपणच नासवू. अंगणातलं पाणी मातीतून हळूहळूच खाली गेलं पाहिजे, कारण माती ते गाळून घेते. त्यासाठी माती उघडी हवी. तुमच्या मोकळ्या जागेवरही वर्षाला तेवढंच, सत्तर हजार लिटर पाणी पडतं. ते तुम्ही उद्यापासून नालीत घालवणार.

आत्या : मुरतं म्हणतेस, पण काळ्या मातीत पाणी मुरतं तरी का? मी शेतात राबलेली बाई आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून जातं, ते खरं. एकदा माती फुगली की भेगा बुजतात आणि वर नुसता चिखल राहतो. पाणी चार-चार दिवस हलत नाही. आमच्या मागच्या गल्लीत एकाच्या घराला चौथऱ्यापासून खिडकीपर्यंत तडा गेलाय. भिंतीला लागूनच फुलझाडं लावली होती, रोज पाइप सोडायचे. माती फुगते, सुकते, परत फुगते. गवंडी म्हणाला, घराला चिकटून ओल ठेवू नका.

भाची : गवंड्याचं खरं आहे, आणि ही तुमची बाजू माझ्याहून पक्की आहे. काळ्या मातीवरच्या घराभोवती तीन फुटांचा पट्टा पक्काच हवा. त्याला ढाळ घराकडून बाहेर, दहा फुटाला दीड-दोन इंच या हिशेबानं. म्हणजे पाया एकसारखा कोरडा राहतो. तेवढा पट्टा करा, मी विटा द्यायला उभी राहीन. पण काळ्या मातीचा तोच गुण गट्टूलाही नडतो, हे गवंड्यानं सांगितलं का? वरवर माती सारखी करून त्यावर गट्टू मांडले, तर खालची माती फुगली की काही वर येतात, काही खचतात. दोन पावसाळ्यांत ठेचा लागायला लागतात. नीट करायचं तर काळी माती खणून काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून दाबायचा, वर कचेचा थर द्यायचा आणि मग गट्टू. म्हणजे खर्च वाढला. सगळी जागा कच्च्या पद्धतीनं करण्यापेक्षा लागेल तेवढीच नीट करा.

आत्या : हे तू कामाचं बोललीस. तरीही उरलेल्या जागेत चिखल होणारच ना? आणि पाणी साचलं की डास.

भाची : त्याचं उत्तर आमच्या नांदेड जिल्ह्यानंच दिलंय. हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी गाव ऐकलंय ना?

आत्या : शोषखड्ड्यांचं गाव?

भाची : तेच. त्या गावात घरोघरी सांडपाण्यासाठी शोषखड्डे केले. साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल. मधोमध वरच्या अंगाला भोकं पाडलेलं सिमेंटचं टाकं, भोवती दगड. मोरीचं पाणी टाक्यात पडतं, गाळ तळाला बसतो, वरचं पाणी भोकांतून दगडांत उतरतं आणि जमिनीत जातं. उघड्या नाल्यांची गरज उरली नाही. नाल्या गेल्या तसे डासही गेले. पुढं जिल्हा परिषदेनं रोजगार हमीतून हे काम गावोगाव नेलं, आणि राज्यात ते ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. परदेशातलं यंत्र नाही, मोठा ठेका नाही. प्रत्येक घरानं आपल्या अंगणातलं पाणी आपल्याच अंगणात जिरवायचं ठरवलं, एवढंच.

आत्या : खड्डा करणं सोपं असतं. आमच्या पाहुण्यांच्या गावात सरकारी खड्डे झाले होते. वर्षाच्या आत तुंबले. कुणी त्यात खरकटं टाकलं, कुणी केस, कुणी प्लास्टिक. गाळ काढायला कुणी खाली उतरेना. मग परत पाणी रस्त्यावर आलं. फोटो काढून झाला की त्या खड्ड्याचा बाप कोण, ते कुणालाच ठाऊक नसतं.

भाची : म्हणून तर टेंभुर्णीचं नाव घेतलं. तिथं खड्डा सरकारचा राहिला नाही, घराचा झाला. मोरीच्या तोंडाला जाळी ठेवायची, टाक्यातला गाळ ठरावीक दिवसांनी काढायचा, दगड चिकट झाले की उपसून धुवायचे. आणि लातुरात खणायचं तर तुमचाच मुद्दा लक्षात ठेवायचा. काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, नाहीतर खड्डा म्हणजे नुसतं डबकं होईल. पिण्याच्या पाण्याच्या विहिरी-बोअरपासून तो लांब हवा. पावसाचं पाणी आणि मोरीचं पाणी यांचे खड्डेही वेगळे.

आत्या : बरं, पाणी झालं. आता कडुलिंबाचं सांग. तुझ्या भावाचं म्हणणं, गट्टू बसवायच्या आधी लिंब तोडू. फाल्गुनात पानं गळतात ती रोज टोपलंभर. चैत्रात मोहोर. पुढं लिंबोळ्या, त्या पायाखाली चिरडतात, चिकट होतात. झाडून झालं की पाठ वळवायच्या आत पुन्हा तेवढंच.

भाची : लिंब तोडला तर मे महिन्यात या अंगणात उभं राहता येणार नाही. आपल्याकडं पारा 42-43 पर्यंत जातो. सिमेंट दिवसभर ऊन पितं आणि रात्री तेच भिंतींना परत देतं. लिंबाच्या सावलीत गार राहिलेली जमीन आणि उघड्यावर तापलेले गट्टू यांवर एकदा दुपारी अनवाणी उभ्या राहून बघा, मला काही सांगावं लागणार नाही. राहिला पाल्याचा प्रश्न. तुम्ही पाल्याचं करता काय?

आत्या : कोपऱ्यात लोटून पेटवतो. सगळेच पेटवतात.

भाची : सगळेच पेटवतात म्हणून फाल्गुनातल्या पहाटे गल्लीभर धूर असतो, आणि दमेकरी माणूस खिडक्या लावून बसतो. पाल्याबरोबर पिशव्या, गुटख्याच्या पुड्याही जळतात. त्याचा धूर तर विषच. 2016 च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर, मोकळ्या जागेत कचरा जाळायला बंदी केली. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये दंड सांगितला. पण दंडाची भीती बाजूला ठेवा. पाला म्हणजे खत आहे. परसात तीन फुटांचा खड्डा किंवा विटांचा हौदा करा. एक थर पाल्याचा, एक थर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचा, वरून मूठभर माती आणि पाण्याचा शिपका. आठवड्याला एकदा वर-खाली करायचं. घाण वास आला तर समजायचं ओलं जास्त झालं, पाला वाढवायचा. तीन-चार महिन्यांत काळं, भुसभुशीत खत मिळतं. घंटागाडीत टाकायचा कचराही निम्म्यावर येतो.

आत्या : आणि त्या खड्ड्याजवळ साप-विंचू?

भाची : साप येतो तो उंदरामागं आणि अडगळीमागं. खरकटं उघडं ठेवलं नाही, खड्डा मातीनं झाकला, तर उंदीर येत नाहीत. उलट भिंतीला टेकवून ठेवलेल्या तुराट्या, उरलेल्या विटा, फुटके पत्रे, सरपण, हीच विंचवाची घरं. तुमच्या परसातही तसा ढीग आहे.

आत्या : तो तुझ्या काकांचा. ‘कधीतरी कामाला येईल’ म्हणून ठेवलाय. मी हात लावला तर ओरडतात. पण ते खरंय, पावसाआधी ढीग हलवायलाच पाहिजे. आमची सासू सांगायची, सरपण जमिनीला टेकवू नको, दगडांवर फळ्या टाकून त्यावर रच. आणि रचलेल्यातलं काढताना हात घालायच्या आधी काठीनं खडबडव. डासांचंही आम्ही बघायचो. रांजण दर आठवड्याला पालथा घालून आतून घासायचो.

भाची : त्या घासण्यात शास्त्र आहे आत्या. डेंग्यूचा डास नालीच्या घाण पाण्यापेक्षा आपल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या जरा वर चिकटतात, आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासावंच लागतं. अंड्यापासून डास व्हायला सात-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. लातुरात नळ लांबतो, त्यामुळं दारोदार ड्रम असतात. जिथं पाणी कमी, तिथं साठवण जास्त आणि डेंग्यूची भीतीही तेवढीच. रिकामी करता येत नाही ती टाकी झाकणानं नाहीतर कापडानं घट्ट बांधायची. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडायचे. कूलरचा तळ, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचं टायर, पाखरांसाठी ठेवलेलं भांडं, हे सगळं त्या एका दिवशी बघायचं. पूर्वीच्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण मिरगाआधीची घराबाहेरची कामं त्यांच्या अंगवळणी होती. सरपण झाकणं, पन्हाळी साफ करणं, माळवदावर माती टाकणं...

आत्या : माळवदाचं नाव त्यात घेऊ नको.

भाची : चुकलं माझं.

आत्या : चुकलं नाही. पण घेतलंसच तर ऐक. तू जुन्या निगेची थोरवी सांगायलीस, तिची ही बाजूही तुला ठाऊक पाहिजे. आमचं घर दगड-मातीचं. जाड भिंती, वर लाकडी तुळया, फळ्या, आणि फळ्यांवर माती. उन्हाळ्यात घर गार असायचं. माळवदावर पापड-कुरडया वाळायच्या, रात्री माणसं झोपायची. पाऊस गळू नये म्हणून दरवर्षी मिरगाच्या आधी वर पांढऱ्या मातीचा नवा थर. चोपून, नीट ढाळ काढून. ज्या घरचं माळवद गळत नाही ते घर निगुतीचं, असं मानायचे. माझ्या सासऱ्यानं टाकली, त्यांच्या बापानंही टाकली. जुनी माती कुणी काढली नाही. माती फूट-दीड फूट झाली, कुठं त्याहून जास्त. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते, माणसं दमून झोपलेली. पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, आजूबाजूची गावंच्या गावं. भिंती फाकल्या आणि सगळी माती वरून खाली आली. माणसं दगडानं मेली तशी मातीखाली घुसमटूनही मेली. हजारो. ती माती आम्हीच टाकली होती बाई, घराची काळजी घ्यायची म्हणून.

भाची : पुढं अभियंत्यांनीही हेच सांगितलं. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधणारे आरपार दगड नव्हते, आणि डोक्यावर मातीचं मोठं ओझं होतं. भूकंप फार मोठ्या तीव्रतेचा नव्हता, सव्वासहाच्या आसपासचा. त्या मानानं माणसं फार गेली, ती या बांधणीमुळं.

आत्या : म्हणून मला कुणी ‘जुनं ते चांगलं’ म्हटलं की पटत नाही, आणि ‘नवीन ते चांगलं’ म्हटलं तरी पटत नाही. बाप करायचा म्हणून आपण करायचं, ही निगा नाही. वर ओझं किती झालंय हे बघायला पाहिजे होतं. नवा थर टाकायच्या आधी जुना खरवडायला पाहिजे होता. कुणी बघितलं नाही.

भाची : आत्या, हे आजही चाललंय. स्लॅब गळायला लागला की जुना कोबा न काढता त्यावर नवा कोबा. दहा वर्षांनी आणखी एक. वरून टाक्या, कुंड्या. स्लॅबवर किती भार चढला, हे कुणी विचारत नाही. गळती बहुतेक वेळा पाइपाच्या तोंडाशी तुंबलेल्या पाल्यामुळं असते, नाहीतर कठड्याच्या सांध्यात रुजलेल्या पिंपळाच्या रोपामुळं. ते रोप बोटाएवढं असताना मुळासकट काढलं, पावसाआधी पाइपाचं तोंड साफ करून जाळी बसवली, तर कोब्याची वेळच येत नाही. गट्टूचंही तसंच आहे. शेजाऱ्यानं केले म्हणून आपण करायचे. प्रत्येक अंगणातलं पाणी रस्त्यावर येतं, रस्त्याचं नालीत मावत नाही, आणि शेवटी सखल भागातल्या घरात शिरतं. नांदेडला हे आम्ही दर मोठ्या पावसात बघतो. गोदावरी वर असली, विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडलेले असले, की शहराचं पाणी नदी घेत नाही, ते वस्त्यांतच थांबतं. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात पुरानं गावं वेढली. आता पाऊस थोड्या दिवसांत पडतो आणि एकदम पडतो. तेव्हा प्रत्येक अंगणानं आपल्या वाटचं थोडं पाणी धरलं, तर खालच्या घरांवरचं संकट तेवढं कमी होतं.

आत्या : मग ऐक, मी माझं सांगते. घराभोवती तीन फूट पक्कं. गेटपासून दारापर्यंत शहाबादी फरशीची वाट, कारण या वयात मी चिखलात घसरले तर उठायची नाही. मोरीजवळ, भांडी घासायच्या जागी फरशी. आणि गाडी उभी राहते तिथं गट्टू. त्यावर मी मागं हटणार नाही.

भाची : गाडीच्या जागेलाही नुसत्या चाकांखाली दोन पट्टे पुरतील, मधे मुरूम.

आत्या : नाही. मधे गवत वाढतं, ते उपटायला परत वाकायचं कुणी? तिथं गट्टूच. उरलेली जागा मातीची राहू दे. वर मुरूम टाकू म्हणजे चिखल होणार नाही. लिंब राहील. खड्डाही करू. पण माझी एक अट आहे, आणि ती गवंड्याला नाही, घरातल्यांना आहे. मातीचं अंगण ठेवायचं तर ते मी एकटीनं झाडणार नाही, सुनेनंही एकटीनं नाही. भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. घरं सुटी-सुटी, रस्ते रुंद, घराभोवती मोकळी जागा. सगळे म्हणाले, किती छान. झाडायची जागा दुप्पट झाली आणि झाडणारी तीच राहिली, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. गाडगेबाबा आयुष्यभर खराटा घेऊन फिरले. बाप्यामाणूस होते ना? त्यांच्या नावानं सरकारनं ग्रामस्वच्छतेची मोहीम काढली, शाळेत फोटो लावले. आणि त्याच फोटोला हार घालणारा गडी घरी आला की खराट्याला पाय लागू देत नाही आणि हातही लावत नाही.

भाची : म्हणजे गट्टू तुम्हाला हवे होते ते चिखलासाठी नाही.

आत्या : पाठीसाठी हवे होते. घरात कुणी वाटून घेणार नसेल, तर बाई सिमेंटच मागणार. तिला दोष देऊ नका. पाण्याच्या गोष्टी तिला सांगण्याआधी खराटा आपल्या हातात घ्या.

भाची : यापुढं मला बोलायला जागा नाही. उद्या गवंड्याच्या आधी भावाशी बोलू.

या दोघींचं एका जागेवर पटलं नाही, आणि ते पटलं नाही तरी चालेल. गाडी उभी करण्याची जागा पक्की असावी की अर्धी, हे ज्याच्या-त्याच्या घरावर आणि वयावर ठरेल. पण दोन गोष्टींवर त्या एका मताला आल्या, आणि नांदेड-लातूरच्या प्रत्येक घराला त्या लागू आहेत. घराबाहेरच्या जागेवर पैसा घालण्याआधी तिथलं पाणी कुठं जातं, हे पावसात उभं राहून पाहावं. आणि त्या जागेचं रोजचं काम कोण करतं, हे घरात बसून बोलावं. या दोन प्रश्नांना डावलून केलेलं अंगण पहिल्या वर्षी चकचकीत दिसेल आणि पुढच्या वर्षी कुणाच्या तरी दारात पाणी किंवा कुणाच्या तरी कमरेत दुखणं होऊन परत येईल.

मिरगाला अजून अवधी आहे. गच्चीच्या पाइपांची तोंडं मोकळी करा, कठड्यातली पिंपळाची रोपं उपटा. भिंतीला टेकलेली अडगळ हलवा आणि सरपण जमिनीपासून उचलून रचा. पाला पेटवू नका, खड्ड्यात टाका. ड्रम आणि रांजण आठवड्यातून एक दिवस घासून कोरडे करा. गट्टू बसवायचेच असतील तर घराभोवतीचा पट्टा, वाट आणि गाडीपुरते बसवा, बाकीची जमीन उघडी ठेवा, आणि तिच्यात एक शोषखड्डा मुरुमापर्यंत खणून घ्या. या कामांची यादी कागदावर लिहा आणि प्रत्येक कामापुढं घरातल्या एकेकाचं नाव घाला, त्यात पुरुषांची नावं निम्मी असू द्या. रेल्वेनं आणलेलं पाणी प्यालेल्या आणि मातीखाली गाडली गेलेली माणसं पाहिलेल्या या भागाला एवढी शिस्त जड नाही.